लस माशाला, दाखला कोळंबीला

दिल्लीच्या पश्चिमेस, राजधानी परिसरातच मोडणाऱ्या रोहतक जिल्ह्यात, लाहली या गावी आपल्या वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचे एक केंद्र आहे. आणि ज्या क्षारपड जमिनीत गव्हाचे पीक धरेनासे झाले, तिच्याच पोटातील खारे पाणी उपसून, त्यात उणे असलेल्या पोटॅशची भर घालून, समुद्रापासून शेकडो कोसांवर कोळंबी पिकविता येते, हे या केंद्राने तेथील शेतकऱ्यांस दाखवून दिले आहे. कोंबडीच्या पिलांना लस टोचली जाते, मग तळ्यातल्या बीजाला का नाही, असा प्रश्न त्या शेतकऱ्याच्या मनात येणे अगदी स्वाभाविक होय.

माशांसाठी लस आहे. रायगडकरांच्या जिव्हाळ्याचा जिताडा घ्या: नोडा विषाणू त्याच्या कोवळ्या पिलांच्या मेंदूत आणि डोळ्यांच्या पडद्यात शिरतो, पिले गिरक्या घेऊ लागतात आणि पाहता पाहता हौद रिकामा होतो. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने या विषाणूच्या कवचातील प्रथिन प्रयोगशाळेत घडवून त्याची लस सिद्ध केली आहे. लवंगेच्या तेलाने गुंगी आणलेल्या बोटुकलीच्या पोटात बारीक सुईने लस टोचता येते. परंतु त्याहूनही लहान, प्रतिकारशक्ती पुरती न उमललेल्या जिऱ्यांस सुई सोसत नाही, आणि विषाणूचा घाला तर नेमका त्याच वयात पडतो. म्हणून अंड्यांवाटे रोग उतरू नये यासाठी मादीलाच लस देणे श्रेयस्कर ठरते.

कोळंबीचा मामला मात्र निराळा आहे. तिला पाठीचा कणा नाही, आणि लस ज्या प्रतिद्रव्यांच्या आधारे काम करते ती तिच्या शरीरात निर्माणच होत नाहीत. 1994 च्या सुमारास भारतात शिरलेल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने आठवडाभरात तळीच्या तळी उजाड केली, त्यावर अद्यापि लस नाही; म्हणून रोग तळ्यात शिरूच न देणे एवढेच हाती उरते. 2009 साली व्हॅनामी कोळंबीला सरकारी परवाना मिळाला तेव्हापासून परदेशी जनककोळंब्या प्रथम चेन्नईत विलग ठेवून तपासल्या जातात. पण त्यांचे बीज, प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत सुतासारखे वळवळत, किनाऱ्यावरून उत्तरेकडे निघते तेव्हा प्रत्येक खेपेची पीसीआर तपासणी व्हावयास हवी. तळे खोदण्यासाठी 2020 पासून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून 40 ते 60 टक्के अनुदान मिळते. त्याच योजनेतून बीजतपासणीचा खर्च भागवावा आणि विषाणूमुक्तीच्या दाखल्यावाचून एकही पिशवी रोहतकच्या तळ्यात उघडली जाऊ नये, असा हुकूम सरकारने काढावा.