गाडीतली ती चार बटणं

मैत्रिणींनो, मिक्सर किती वेळ फिरवला की दाण्याचं कूट भरड राहतं आणि केव्हा त्याला तेल सुटतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. गॅसवरच्या दुधाचा नुसता आवाज ऐकून ते आता वर येणार हे आपल्याला बाहेरच्या खोलीत कळतं. पण त्याच आपण मोटारीत बसलो की समोरच्या चार बटणांकडे परक्या घरी आल्यासारख्या बघतो! फार गार वाटलं तर "अहो, जरा एसी कमी करा ना" म्हणायचं आणि ओढणी नाहीतर पदर अंगाभोवती लपेटून घ्यायचा. ज्या स्वतः गाडी चालवतात त्यांचीही गत फारशी निराळी नसते. एसी म्हणजे एक तर चालू, नाहीतर बंद. बाकीची ती चित्रं, पंख्याचं, वाकड्यातिकड्या बाणांचं, गाडीच्या पोटातच गोल वळणाऱ्या बाणाचं, कशाची आहेत म्हणून विचारलं तर बहुतेक जणी हसून विषय बदलतील.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? थोडं गार, थोडं गरम, चालायचंच. पण तसं नाही. ही बटणं नुसत्या सुखासाठी नाहीत. पावसाळ्यात घाटामध्ये समोरचं दिसणं न दिसणं ह्याच बटणांवर असतं. म्हणून ती चालवणाऱ्याइतकीच शेजारी बसणारीलाही ठाऊक हवीत. वळणावर चालवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. आपले मोकळे असतात.

आधी ओळख करून घेऊ. पंख्याचं बटण फक्त वाऱ्याचा जोर कमी-जास्त करतं. हवा गार की गरम ह्याच्याशी त्याचा संबंध नाही. निळा-लाल पट्टा असलेलं बटण हवा किती गार, किती गरम ते ठरवतं. तिसरं बटण वारा कुठे जावा ते सांगतं: तोंडावर, पायांवर, की समोरच्या काचेवर. आणि चौथं, बाहेरची ताजी हवा आत घ्यायची की आतलीच पुन्हा पुन्हा फिरवायची, ह्याचं. 'एसी' असं लिहिलेली कळ ह्या चौघांहून वेगळी. ती दाबली की गार करणारं यंत्र सुरू होतं. ती दाबली नाही तर निळ्यावर ठेवूनही नुसता बाहेरचा वारा येतो.

लाल बाजूची गंमत मला फार आवडते. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत इंजिन तापू नये म्हणून त्यातून पाणी खेळवलेलं असतं. ते इंजिनाची उष्णता घेऊन गरम होतं, आणि त्याच पाण्यावरून वारा सोडला की झाला हीटर! म्हणजे बंबातलं उरलेलं पाणी भांडी घासायला वापरावं तसंच हे. वेगळं इंधन जवळजवळ लागत नाही. मात्र गाडी सुरू केल्या केल्या लाल बटण फिरवून "गरम का येत नाही?" म्हणून रागावू नका. इंजिन तापायला काही मिनिटं लागतात. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत असं फुकटचं गरम पाणी नसतं. तिथे ऊब बॅटरीतूनच येते, आणि तेवढे किलोमीटर कमी पडतात.

आता मुख्य गोष्ट. एसी हे नुसतं गार करायचं यंत्र आहे असं आपण धरून चालतो. खरं म्हणजे ते हवा कोरडी करायचंही यंत्र आहे. त्याचा जन्मच त्यासाठी झाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगायचा, आखडायचा, आणि एकावर एक छापलेले रंग जागच्या जागी बसायचे नाहीत. त्यावर तोड म्हणून विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरने ही युक्ती काढली. माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हे, कागद नीट राहावा म्हणून! गार पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवला की बाहेरून ओला होतो ना, तेच इथे. दमट हवा एसीच्या गार नळ्यांवरून जाते, तिच्यातलं पाणी नळ्यांवर धरतं आणि कोरडी हवा पुढे येते. ते पाणी गाडीखाली टपटप गळतं. उन्हाळ्यात गाडी उभी केली की खाली ओला डाग दिसतो आणि "काहीतरी गळतंय हो!" म्हणून आपण घाबरतो. स्वच्छ पाणी असेल तर घाबरू नका. एसी आपलं काम करतो आहे.

हे एकदा लक्षात आलं की घाटातली गोष्ट आपोआप उलगडते. माझं माहेर चिपळूणचं आणि राहणं कराडला. पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा. श्रावणात तिथे ढग रस्त्यावर आलेले असतात. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या वहिनी आणि भाऊजी मुलांना घेऊन ह्याच घाटातून निघाले. गाडीत पाच जण, भिजलेल्या छत्र्या, ओले रेनकोट, मुलांचे चिकट श्वास. काचा वर. "पावसात कशाला एसी? उगाच पेट्रोल जातं" म्हणून तो बंद. आणि आतलीच हवा फिरवणारं बटण मे महिन्यात दाबलेलं, ते तसंच! बघता बघता समोरची काच दुधासारखी पांढरी झाली. भाऊजी एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हातातल्या रुमालाने काच पुसताहेत, पुसली की क्षणात परत पांढरी, आणि वळणावर समोरून एस. टी. बस. ड्रायव्हरने वेळीच ब्रेक मारला म्हणून निभावलं. वहिनी सांगताना अजून हात जोडतात.

काय करायला हवं होतं? वारा समोरच्या काचेवर सोडायचा. हे बटण ओळखायला सोपं आहे: पंख्यासारखी पसरलेली काच आणि तिच्यावर वर जाणारे तीन वळणदार बाण. पंखा मोठा करायचा. बाहेरची हवा आत घ्यायची. एसी चालू करायचा. आणि, इथे सगळे अडखळतात, त्याबरोबर निळा-लाल पट्टा लालकडे फिरवायचा. "एसी आणि हीटर एकाच वेळी? वेड लागलंय का?" असं गाडीतलं कुणीतरी म्हणेलच. म्हणू द्या. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, हीटर तिला ऊब देतो, आणि ही कोरडी, कोमट हवा काचेवरचं बाष्प पिऊन टाकते. थंडी-पावसात कपडे वाळवायचे तर नुसती ऊब पुरत नाही, हवाही कोरडी लागते, हे आपल्याइतकं कुणाला माहीत? थोड्याच वेळात काच खालून वर स्वच्छ होत जाते. पुष्कळ गाड्यांत काचेचं बटण दाबलं की एसी आणि बाहेरची हवा आपोआप सुरू होतात. तुमच्या गाडीत होतं की नाही ते अंगणात उभी असतानाच बघून ठेवा. मागच्या काचेचं बटण वेगळं असतं, चौकोनी. त्या काचेत बारीक तारा असतात, त्या तापतात. म्हणून मागची काच आतून घासणीने खरवडू नका, ओल्या मऊ फडक्याने तारांच्या दिशेने पुसा.

घाट उतरून पोफळीच्या पुढे गेलं की गंमत उलटी होते. कोकणातली हवा उबदार आणि दमट, आणि आपली काच एसीने गारठलेली. मग बाष्प काचेच्या बाहेरून धरतं! अगदी त्या तांब्यासारखं. आता आतून कितीही पुसा, उपयोग नाही. ओळखायची खूण सोपी आहे. काचेच्या खालच्या कोपऱ्यावर आतून बोट फिरवा. रेघ उमटली तर बाष्प आतून आहे, नाही उमटली तर बाहेरून. बाहेरून असेल तर वायपर फिरवा, वाऱ्याचा झोत काचेवरून काढून तोंडाकडे किंवा पायांकडे वळवा आणि गारवा कमी करा. काच थोडी कोमट झाली की पुन्हा धरत नाही.

वायपरवरून आठवलं. हा वायपर एका बाईच्या डोक्यातून निघाला आहे, बरं का! अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मेरी अँडरसन ह्यांनी न्यूयॉर्कला हिवाळ्यात ट्रॅमच्या ड्रायव्हरचे काचेपायी होणारे हाल पाहिले आणि आत बसून हाताने फिरवायचा वायपर तयार केला. १९०३ साली त्याचं पेटंट त्यांना मिळालं. पैसा मात्र मिळाला नाही. कंपन्यांना ते फारसं उपयोगाचं वाटलं नाही म्हणे!

बरं, ते आतल्या हवेचं बटण इतकं वाईट असेल तर दिलंय कशाला? वाईट नाही, वेळ पाहून वापरायचं आहे. भर उन्हात गाडी लवकर गार करायला ते उत्तम, कारण एकदा गार झालेली हवाच पुन्हा गार करायची असते. पुढे धूर ओकणारा ट्रक असेल, रस्त्याच्या कडेला कचरा जळत असेल, तेव्हाही तेच. पण ते तासन् तास चालू ठेवलं तर चार-पाच माणसांनी सोडलेला श्वासच पुन्हा पुन्हा आपल्या वाट्याला येतो. त्यातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, डोकं जड होतं, डोळे मिटायला लागतात. मागची मंडळी झोपली तर झोपू द्या, पण चालवणाऱ्यालाही तीच पेंग येते. दुपारच्या जेवणानंतर लांबचा प्रवास असेल तर हे आवर्जून सांभाळा. गाडी गार झाली की बाहेरची हवा सुरू करायची. शेजारी बसून तुम्ही एवढं जरी केलंत तरी पुष्कळ.

उन्हात उभ्या केलेल्या गाडीबद्दल दोन शब्द. दरवाजा उघडला की भट्टी! तेव्हा लगेच काचा बंद करून एसी लावण्यात अर्थ नाही. सगळे दरवाजे उघडून ती तापलेली हवा जाऊ द्या. निघाल्यावर मिनिट-दोन मिनिटं काचा खाली ठेवा, मग वर करून एसी आणि आतली हवा. उभ्या गाडीपेक्षा चालत्या गाडीत एसी लवकर गार करतो, म्हणून नुसतं इंजिन घुरघुरत ठेवून वाट पाहू नका.

आणि मूल गाडीत ठेवून "दोन मिनिटांत भाजी घेऊन येते" हे कधीही करू नका. बंद गाडीत पहिल्या दहाच मिनिटांत तपमान साधारण १० अंशांनी चढतं. बाहेर ३५ असेल तर आत ४५. काच बोटभर उघडी ठेवली तरी फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापतं. एसी चालू ठेवून मुलाला आत बसवणं हाही उपाय नव्हे. इंजिन बंद पडू शकतं, मूल बटणांशी खेळू शकतं. अंगणातली गाडीसुद्धा कुलूप लावूनच ठेवावी. लपाछपी खेळताना मुलं आत शिरतात आणि दार उघडायचं त्यांना जमत नाही.

इंजिन चालू ठेवून, काचा लावून गाडीत झोपणं हे तर जिवाशी खेळणं आहे. शटर ओढलेल्या गॅरेजात तर मुळीच नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपेतल्या माणसाला तो जागंही करत नाही. थकवा आला तर सावलीत गाडी बंद करून, काचा उघडून पडावं. उकडेल, पण चालेल.

राहता राहिला तो कुबट वास. पावसाळ्यात एसी लावला की ओल्या पोतेऱ्यासारखा वास येतो, त्यावर आपण अत्तराची बाटली टांगतो. वास झाकतो, जात नाही. त्या गार नळ्या ओल्या राहतात आणि त्यांच्यावर बुरशी धरते. मुक्काम दोन-तीन मिनिटांवर आला की एसीची कळ बंद करा आणि पंखा तसाच चालू ठेवा, म्हणजे नळ्या वाळतात. तरीही वास असेल किंवा वारा कमी येत असेल तर फिल्टर बघा. पुष्कळ गाड्यांत तो डावीकडच्या कप्प्याच्या मागे असतो आणि घरच्या घरी निघतो. कसा काढायचा ते गाडीबरोबरच्या पुस्तकात चित्रासह दिलेलं असतं. ते पुस्तक बहुतेक त्याच कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, न उघडलेलं सापडेल. वहिनींनी परवा त्यांच्या गाडीतला काढला, तर त्यात मूठभर वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि एक मेलेलं झुरळ निघालं.