घरगुती टाकीत क्लाऊनफिशचे प्रजनन व पिल्लांचे संगोपन

क्लाऊनफिशच्या जोडीने टाकीत अंडी दिली की निम्मे काम झाले असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात अवघड काम त्यानंतर सुरू होते. अंड्यांतून बाहेर आलेली शेकडो पिल्ले योग्य खाद्याअभावी तीन-चार दिवसांत मरतात. त्यामुळे अंडी येण्याआधीच पिल्लांच्या खाद्याची सोय करावी लागते. रत्नागिरीसारख्या किनारी जिल्ह्यात समुद्राचे पाणी जवळ असल्याने हा पूरक व्यवसाय करता येतो. मात्र पावसाळ्यातील पाणी आणि वीज यांचे नियोजन आधी हवे.

माशाची ओळख

नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला ॲम्फिप्रिऑन ऑसेलॅरिस हा मासा २००३ मधील ‘फाइंडिंग निमो’ चित्रपटामुळे सर्वांना माहीत झाला. निसर्गात तो समुद्रफुलाच्या (सी ॲनिमोन) आश्रयाने राहतो. टाकीत प्रजननासाठी समुद्रफुलाची गरज नसते. गुळगुळीत फरशीचा तुकडा किंवा आडवी ठेवलेली मातीची कुंडी पुरते.

या माशाची मोठी मागणी पूर्वी प्रवाळ बेटांवरून पकडलेल्या माशांतून भागवली जात असे. हॅचरीत तयार झालेला मासा टाकीतील पाण्याला व कोरड्या खाद्याला सरावलेला असतो. तो जास्त टिकतो आणि समुद्रातील साठ्यावर ताणही येत नाही.

जोडी कशी तयार होते?

क्लाऊनफिश आधी नर असतो आणि नंतर मादी होतो. गटातील सर्वांत मोठा मासा मादी, त्याखालचा नर, तर बाकीचे लहानच राहतात. मादी मेली तर नर मादी होतो. मादीचा पुन्हा नर होत नाही. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणांहून दोन मोठे मासे आणून एकत्र सोडू नयेत. दोन्ही माद्या निघाल्या तर एकमेकींना मारतात.

- ५ ते ६ लहान मासे एकत्र वाढवावेत. सोबत राहणारे दोन मासे वेगळे करावेत. किंवा एक मोठा व एक लहान मासा निवडावा.
- लहान माशांपासून अंडी देणारी जोडी तयार होण्यास साधारण एक ते दीड वर्ष लागते.
- जोडीला कोळंबी, शिंपल्याचे मांस व माशाचे बारीक तुकडे दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे द्यावेत. उरलेले खाद्य लगेच काढावे.

टाकी आणि पाणी

एका जोडीसाठी ८० ते १०० लिटरची टाकी योग्य. फिल्टरमध्ये उपयुक्त जिवाणू वाढण्यासाठी टाकी ४ ते ६ आठवडे आधी सुरू करावी.

- तापमान : २७ ते २८ अंश सेल्सिअस
- क्षारता : ३० ते ३३ पीपीटी
- सामू : ८.० ते ८.३
- अमोनिया व नायट्राइट : शून्य
- प्रकाश : रोज १२ तास, ठरलेल्या वेळी

बाष्पीभवनाने पाणी कमी होते, मीठ मात्र टाकीतच राहते. त्यामुळे कमी झालेले पाणी गोड्या पाण्याने भरून काढावे. नळाचे पाणी असल्यास क्लोरीन काढून टाकावे. जांभा दगडातील विहिरीचे पाणी बऱ्याचदा आम्लधर्मी असते, ते तपासून वापरावे.

पावसाळ्याआधी पाणी साठवा

जून ते सप्टेंबर या काळात नद्यांचे गोडे, गढूळ पाणी किनाऱ्यावर येते. भाट्ये येथे काजळी नदी समुद्राला मिळते. अशा खाडीमुखाजवळ क्षारता झपाट्याने घटते. बंदरातील पाण्यात तेलाचा अंश असू शकतो, तेही घेऊ नये.

मे महिन्यातच मोकळ्या किनाऱ्यावरून, भरतीच्या वेळी पाणी आणावे. एक-दोन दिवस निवळू द्यावे, बारीक कापडी फिल्टरमधून गाळावे आणि झाकणबंद काळ्या टाकीत ठेवावे. वापरापूर्वी क्षारता मोजावी. पाणी कमी पडल्यास मत्स्यालयासाठीचे सागरी मीठ वापरावे. स्वयंपाकाच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे योग्य प्रमाण नसल्याने ते चालत नाही.

अंडी ते पिल्ले

मादी फरशीवर नारिंगी रंगाची अंडी चिकटवते. एका वेळी काहीशे अंडी मिळतात. स्थिरावलेली जोडी साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने अंडी देते. नर पंखांनी वारा घालतो आणि खराब अंडी काढून टाकतो. पहिल्या एक-दोन खेपा जोडी स्वतःच खाऊन टाकते. त्यामुळे घाबरू नये.

अंड्यांत चंदेरी डोळे स्पष्ट दिसू लागले की उबवण जवळ आली असे समजावे. सातव्या-आठव्या दिवशी, अंधार झाल्यावर एक-दोन तासांत पिल्ले बाहेर पडतात. त्या संध्याकाळी फरशी जोडीच्या टाकीतीलच पाणी भरलेल्या ३० ते ४० लिटरच्या वेगळ्या टाकीत ठेवावी. अंड्यांवरून हवेचे बुडबुडे हलकेच जातील अशी नळी लावावी आणि पूर्ण अंधार करावा.

खाद्य आधी, अंडी नंतर

नवजात पिल्लू ३ ते ४ मिलिमीटरचे असते. त्याच्या तोंडात कोरडे खाद्य मावत नाही. त्याला रोटिफर हे सूक्ष्म जिवंत खाद्य लागते. अंडी अपेक्षित असण्याच्या किमान तीन आठवडे आधी रोटिफरची पैदास सुरू करावी. रोटिफरला नॅनोक्लोरोप्सिस हे हिरवे शेवाळ खायला द्यावे. एक बादली अचानक बिघडू शकते, म्हणून दोन बादल्या वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात.

- दिवस १ ते ७ : प्रति मिलिलिटर १० ते १५ रोटिफर. पाणी शेवाळाने हलके हिरवे ठेवावे.
- दिवस ६ पासून : रोटिफरसोबत नुकतेच उबवलेले आर्टेमिया. टरफले वेगळी करूनच द्यावेत.
- दिवस १० ते १५ : पांढरे पट्टे उमटतात, पिल्ले तळाकडे राहू लागतात.
- त्यानंतर : हळूहळू बारीक कोरड्या खाद्याची सवय लावावी.

पिल्लांच्या टाकीला तीन बाजूंनी काळा कागद लावावा, प्रकाश मंद ठेवावा. जोरदार फिल्टर लावू नये. रोज बारीक नळीने तळाची घाण काढावी आणि तेवढेच पाणी थेंबथेंब सोडावे. अमोनिया रोज तपासावा. सामू जास्त असल्याने खाऱ्या पाण्यात अमोनिया अधिक घातक ठरतो.

हिशेब आणि धोका

उदाहरणादाखल, ३०० पिल्ले उबली आणि २५ टक्के जगली, तर हाती ७५ मासे येतात. विक्रीयोग्य आकारासाठी आणखी तीन-चार महिने लागतात. तेवढ्या काळाचे खाद्य, मीठ व वीज खर्चात धरावी. रात्री वीज गेली आणि हवा थांबली तर संपूर्ण खेप जाऊ शकते. बॅटरीवर चालणारा हवा पंप हा पहिल्या खरेदीतला असावा. खरेदीदार ठरल्याशिवाय जोड्यांची संख्या वाढवू नये.

सजावटीसाठी समुद्रातून प्रवाळ आणू नयेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्यांना संरक्षण आहे.

सुरुवात कोठून करावी?

वन विभागाच्या कांदळवन कक्ष व कांदळवन प्रतिष्ठानने लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या साह्याने ऐरोली (नवी मुंबई) येथे सागरी शोभिवंत माशांची हॅचरी उभारली आहे. हॅचरीतील लहान पिल्ले स्थानिकांनी वाढवून विकावीत, अशी या कामामागची कल्पना आहे. नवशिक्यासाठी हीच वाट सुरक्षित. पहिले वर्ष पट्टे उमटलेली पिल्ले आणून फक्त वाढवावीत. पाणी सांभाळण्याचा हात बसला आणि एक पावसाळा निभावला की मगच जोडी ठेवावी.

विस्तार कर्मचाऱ्यांनी इच्छुकांना शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालय आणि रत्नागिरीतील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र येथे चौकशी करण्यास सांगावे. पैसे गुंतवण्याआधी क्षारता व अमोनिया मोजायला शिकावे आणि रोटिफरची एक बादली महिनाभर जिवंत ठेवून पाहावी. ती टिकली, तर पिल्ले टिकण्याची शक्यता मोठी आहे.