डॅशबोर्डाच्या मागें

यंत्र बिघडलें कीं तें मिस्त्रीच्या स्वाधीन करावें आणि आपण वर्तमानपत्र वाचीत बसावें, हा आम्हां पांढरपेशांचा जुना शिरस्ता. मीही तो जन्मभर पाळला. गेल्या चैत्रांत माझ्या नातवानें तो मोडला, आणि त्याबरोबर माझा एक ग्रहही मोडला. म्हणून ही हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहें.

आमचें घर नाशिकच्या पश्चिमेस सातपुरास, त्र्यंबक रस्त्यालगत. महिंद्रांचा मोटारींचा कारखाना येथेंच असल्यामुळें जीप ही आमच्याकडे नवलाची वस्तु नाहीं. १९४५ सालीं स्थापन झालेल्या या कंपनीनें स्वातंत्र्याच्या सुमारास विलिस जीपांची जुळणी आरंभिली. उघड्या टपाची एक जुनी जीप माझ्या कैलासवासी वडील बंधूंनीं हौसेनें घेतली होती. ऊन सौम्य असेल तर टप उतरवावा, पाऊस आला तर ताडपत्री ताणावी, असा तिचा थाट. परंतु ताडपत्री विरत गेली आणि पावसाचें पाणी डॅशबोर्डावर ठिबकूं लागलें.

दोन पावसाळ्यांनंतर तो डॅशबोर्ड खोटें बोलूं लागला. दिवसां डिझेलचा काटा ठीक असे. रात्रीं दिवे लावले कीं तो काटा आणि पाण्याच्या उष्णतेचाही काटा जागा सोडून हालत. एका मिस्त्रीनें ‘सगळे मीटर बदला’ असा निकाल दिला. खर्चाचा आंकडा ऐकून पुतणे म्हणाले, “काका, गाडी मोडींत देऊं या.” वहिनी कांहींच बोलल्या नाहींत, पण त्या रात्रीं त्या जेवल्या नाहींत.

तेव्हां नातू म्हणाला, “आजोबा, मला एक रविवार द्या.” हा मुलगा गणितांत दोनदां नापास झालेला, सध्यां आय.टी.आय.मध्यें शिकणारा. मीं मनांतून त्याला मंद ठरविलें होतें.

त्यानें आधीं बॅटरीची ऋण बाजूची तार सोडली. गाडीचा सांगाडा त्याच बाजूस जोडलेला असतो; आधीं धन बाजू सोडूं गेल्यास पाना सांगाड्यास टेकून ठिणगी पडते. नंतर कागदावर डॅशबोर्डाची आकृति काढली. प्रत्येक तारेस सोडण्यापूर्वीं चिठ्ठी चिकटविली. वहिनींनीं फराळाच्या वाट्या दिल्या. एकेका जागेचे स्क्रू एकेका वाटींत पडले.

‘डॅशबोर्ड’ हा शब्द मूळचा घोडागाडीचा. घोड्याच्या टापांनीं उडणारा चिखल अंगावर येऊं नये म्हणून पुढें बसविलेली ती फळी. मोटारींत घोडा गेला, फळी राहिली, व तिच्यावर मीटर आले. वेगमापकाच्या मागील गोल नट सोडतांच त्यांतून फिरती केबल निघाली. ही चाकांच्या गतीनें एक लोहचुंबक फिरविते. चुंबक धातूच्या हलक्या वाटीस शिवत नाहीं, तरी तिला आपल्यामागें ओढतो. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला आवरते, आणि या ओढाताणींत काटा वेग दाखवितो. १९०२ सालीं ओटो शुल्झ या जर्मन संशोधकानें या युक्तीचें पेटंट घेतलें होतें.

बोर्ड पुढें ओढला आणि दोष दिसला. बॅटरींतून निघालेली वीज काम करून बॅटरीस परतते. परतीस निराळी तार नसून गाडीचें लोखंडच ती वाट असते. बोर्ड व सांगाडा जोडणाऱ्या अर्थिंगच्या तारेखालीं गंजाचा थर होता. परतीची वाट अडल्यामुळें दिव्यांची वीज मीटरांतून वाट काढी, आणि काटे भलतेंच सांगत. मीटर निर्दोष होते! पॉलिशपेपरनें जागा लखलखीत घासून नट कसला; खर्च नाममात्र.

पण अँपिअर मीटरकडे पाहून नातू गंभीर झाला. तेथील नट सैल होता व जाड तारेचें आवरण करपलें होतें. ही तार किल्ली बंद असतांही जिवंत असते. सैल जोड तापतो, आणि वर विरलेली ताडपत्री! याच गाडींतून वहिनी परतवंडांना घेऊन त्र्यंबकेश्वरास जात. नवे मीटर बसवून मागची तार तशीच राहिली असती तर काय झालें असतें, हें मनांत आणवत नाहीं. त्यानें तितक्याच जाडीची नवी तार घातली.

मग आकृति पाहून उलट क्रमानें जुळणी झाली. वाटींत एकही स्क्रू उरला नाहीं. दिवेलागणीस त्यानें गाडीचे दिवे लावले. काटे जागचे हालले नाहींत.

काटा चुकला म्हणून मीटर बिघडला, हा हेत्वाभास होय. वर्गांत हेत्वाभास शिकवीत माझें आयुष्य गेलें. आणि गुणपत्रिका पाहून मीं नातवास मंद ठरविलें, तोही हेत्वाभासच, हें मला त्या ओसरीवर कळलें. मीं त्याला तसें स्पष्ट सांगितलें. तो नुसता हंसला व पाने पुसूं लागला.

ज्यांच्या घरीं जुनी गाडी असेल, त्यांनीं स्वतः पाना धरलाच पाहिजे असें नाहीं. परंतु वस्तु टाकण्यापूर्वीं दोष कोठें आहे हें कोणाकडून तरी उघडून पाहावें, आणि घरांतील मुलास तें पाहूं द्यावें. पुढच्या सोमवारीं वहिनी त्र्यंबकास गेल्या. जीप नातू चालवीत होता, आणि टप उतरविलेला होता.