उतारा संगणकावर, हिशेब साहेबाचा

आपल्या भागात मराठीत ‘उतारा’ म्हणा नाहीतर कन्नडात ‘उतार’, कागद एकच. कर्नाटकाच्या ‘भूमी’ योजनेने 2000 च्या सुमारास तो तलाठ्याच्या दप्तरातून संगणकात नेला. सुमारे 67 लाख शेतकऱ्यांचे दोन कोटी उतारे. काम मोठेच होते. पण यंत्र नवे असले तरी आतले रकाने मुंबई इलाख्याचे आहेत.

1835 च्या सुमारास इंदापूरकडे गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी सारा ठरवण्यासाठी पाहणी सुरू केली. मोजणीची साखळी 33 फुटांची. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे 1089 चौरस फूट. तोच आपला गुंठा. ‘भूमी’चा उतारा आजही एकर-गुंठ्यांतच बोलतो. हिस्सा, कब्जेदार, खराब हे शब्द कन्नड लिपीत गेले, पण बदलले नाहीत. पोटखराब म्हणजे सारा न लावण्याजोगी जमीन. तिथे आज ऊस डोलत असला तरी कागदावर ती खराबच!

गंमत चंदगडची. 1956 च्या राज्यरचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्याचा चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला. ज्यांची शेती दोन्हीकडे, त्यांच्या घरी एक उतारा कन्नड, एक सातबारा मराठी; इकडे गुंठे, तिकडे हेक्टर-आर. पण दोघांची आजी एकच: 1879 चा मुंबई जमीन महसूल कायदा.

1903 साली मुंबई सरकारने हक्कनोंदणीचा कायदा आणला. नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानायची, हे तत्त्व कर्नाटकाच्या 1964 च्या कायद्यातही आहे. म्हणजे उतारा हा मालकीचा शेवटचा शब्द नव्हे. 1908 च्या कायद्याने नोंदलेले खरेदीखतही व्यवहाराची नोंद करते, मालकीची हमी देत नाही. छापील कागद पाहून आपण हे विसरतो, आणि भांडणे तिथेच सुरू होतात.

संगणक आजोबांना आपणहून मयत करत नाही. वारसाची वर्दी द्यावी लागते, आणि त्या वर्दीत बहिणींची नावे गाळली जातात, हे माझ्या मते घरोघरचे खरे दुखणे. त्यात मराठी नाव कन्नड लिपीत जाताना बदलते आणि आधार जोडताना अडते. फेरफार, खरेदीखत आणि अकराव्या रकान्यातला बोजा एकत्र ठेवून वाचावा. कन्नड वाचणारी सून घरात असेल तर तिच्याकडूनच.