वाकळीवर यंत्राची मुक्त रेघ

वऱ्हाडात 'कापूस' हा शब्द उच्चारला की व्यापाऱ्याला गाठी आठवतात, शेतकऱ्याला बोंडे आठवतात आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला वाकळ आठवते. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा रेल्वेचा छोटासा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला, तो खामगावच्या कापूस बाजारासाठीच. त्या बाजाराने बुलढाणा जिल्ह्यातील कितीतरी घराण्यांना पेढ्या दिल्या, कारखाने दिले, नावलौकिक दिला. गाठी दूरदेशी गेल्या. घरात उरली ती वापरून मऊ झालेली लुगडी, धोतरे आणि उपरणी. त्यांचे थर एकावर एक अंथरून, धावदोऱ्याने घट्ट बांधून केलेली वाकळ, म्हणजे वऱ्हाडी बोलीतील 'वाकय', ही आपल्या घरोघरीची ऊब होती.

आज कपाटे साड्यांनी भरलेली आहेत आणि पलंगावर बाजारातून आणलेली रजई आहे. पूर्वी घरोघरी येऊन ओसरीवर गोधडी शिवणाऱ्या बाया आता क्वचितच भेटतात. सासूबाईंच्या सुती साड्या टाकवत नाहीत आणि ठेवण्यास जागा नाही, अशी अनेक घरांची अवस्था आहे. या प्रश्नाला एक उत्तर घराच्या कोपऱ्यातच झाकून ठेवलेले असते: शिवणयंत्र. पाश्चात्त्य देशांत 'फ्री-मोशन क्विल्टिंग' या नावाने रुजलेली यंत्रावरची मुक्त शिलाई घरच्या यंत्रावर शिकता येते. हातरुमालाएवढ्या तुकड्यावर ती चार दिवसांत जमू लागते. पूर्ण पलंगाच्या वाकळीवर मात्र तीच शिलाई वेगळी विद्या होऊन बसते. ही विद्या मुख्यतः ओझे सांभाळण्याची, चित्त स्थिर ठेवण्याची आणि कोणते कापड यंत्राखाली घालावे हे ओळखण्याची आहे.

जुनेच तंत्र, नवे नाव

नेहमीच्या शिलाईत सुईखालचे दाते कापड पुढे ओढतात आणि वरचा फूट ते दाबून धरतो. त्यामुळे रेघ सरळ येते व टाके सारखे पडतात. मुक्त शिलाईत हे दाते खाली उतरवतात किंवा त्यांच्यावर पातळ झाकणपट्टी बसवतात. आता यंत्र फक्त सुई वरखाली करते. कापड कोणत्या दिशेला, किती वेगाने न्यायचे हे शिवणारीचे हात ठरवतात. सुई जागच्या जागी राहते आणि कापड तिच्याखाली फिरते. लेखणी स्थिर धरून कागद फिरवत लिहावे तसे.

आपल्या आई-आजींच्या पिढीला हे तंत्र अपरिचित नव्हते. रिंगमध्ये कापड ताणून, फूट काढून, पायाच्या यंत्रावर उशांचे अभ्रे आणि टेबलक्लॉथ भरणे हा शिवणवर्गातील नेहमीचा पाठ होता. विसाव्या शतकाच्या आरंभी सिंगर कंपनी आपल्या साध्या घरगुती यंत्रावर असेच भरतकाम शिकवत असे. फरक एवढाच, की भरतकामात एक पदर असतो, वाकळीत तीन किंवा पाच. आणि रिंगची जागा दोन पसरलेले तळहात घेतात.

मेंदी काढणाऱ्या मुलींना ही कला लवकर साधते, कारण कोन न उचलता वेल, पान आणि कोयरी काढण्याची त्यांच्या हाताला सवय असते. मुक्त शिलाईत पहिला धडाही तोच आहे. पाटीवर किंवा जुन्या वर्तमानपत्रावर पेन्सिल न उचलता वळणे काढावीत: आधी नागमोडी रेघ, मग एकमेकींना न छेदणारी वळणे, मग शंख, मग पाने. कागदावर जी वाट डोळ्यांना पाठ होते तीच कापडावर हातांना सापडते.

हात आणि सुई यांचा ताळमेळ

टाक्याची लांबी येथे चक्रीवर ठरत नाही. हाताचा वेग आणि सुईचा वेग यांच्या मेळातून ती जन्मते. हात घाईने गेला की टाके लांबतात, रेंगाळला की दोरा एके जागी साचून गाठ होते. नवशिक्या स्त्रिया बहुधा भीतीने यंत्र हळू चालवतात आणि हात मात्र घाईने ओढतात. उलट करावे: यंत्राची गती मध्यम व एकसारखी ठेवावी आणि हात संथ न्यावा.

दुसरी खूण कापडाच्या पाठीवर दिसते. वळणांवर खालच्या बाजूस वरच्या दोऱ्याचे बारीक फास पापण्यांसारखे उभे राहिले, तर हात वळणावर धावतो आहे किंवा वरचा ताण सैल आहे असे समजावे. म्हणून दर थोड्या वेळाने वाकळ उलटून पाहणे आवश्यक असते. वरून सुबक दिसणारे काम खालून बिघडलेले असू शकते. आरंभी खालचा दोरा वर ओढून घ्यावा आणि अगदी बारीक चार-सहा टाक्यांनी दोन्ही दोरे पक्के करावेत. जाड थरांसाठी १४ किंवा १६ क्रमांकाची सुई घ्यावी आणि ती बोथट होण्यापूर्वीच बदलावी. फूट न लावता शिवण्याचा मोह टाळावा. रफूसाठी मिळणारा, उसळत्या स्प्रिंगचा फूट लावल्याने थर सुईबरोबर वर उचलले जात नाहीत आणि बोटेही सुरक्षित राहतात.

हिशेब

व्यापारी घरात कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी हिशेब मांडला जातो. येथेही तो उद्बोधक ठरतो. ८० इंच रुंद व ९० इंच लांब अशी वाकळ धरू. तिच्या पाठीला एक सहावारी सुती साडी पुरते: साडेपाच मीटरचे मधोमध दोन भाग करून ते काठाला काठ जोडले की चहूबाजूंनी थोडे कापड शिल्लक राहते, आणि ते लागतेच. एकेक इंचाच्या अंतराने सरळ रेघा मारल्या तरी शिलाईची लांबी ७,२०० इंच, म्हणजे २०० वार होते. इंचाला १० टाके धरले तर ७२,००० टाके. यंत्र मिनिटाला ५०० टाके घालत असेल तर निव्वळ शिलाईला १४४ मिनिटे लागतात. वळणावळणाच्या नक्षीत रेघ आणखी लांबते, आणि वरचा व खालचा दोरा मिळून तिच्या निदान दुप्पट लागतो. म्हणून सात-आठ बॉबिन आधीच भरून ठेवाव्यात.

१४४ मिनिटे म्हणजे तीन सामायिकांचा काळ. मग मोठी वाकळ पूर्ण होण्यास आठवडे का लागतात? कारण सुई चालते तो वेळ थोडा; वाकळ गुंडाळणे, सरकवणे, पसरणे, पाठ तपासणे यांतच खरा वेळ जातो. हा हिशेब शिकाऊ स्त्रीला धीर देतो: आपण मंद आहोत म्हणून उशीर होत नाही, कामाचे स्वरूपच तसे आहे.

मोठ्या वाकळीचे ओझे

घरगुती यंत्रात सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत जेमतेम सहा-सात इंच जागा असते. त्या जागेतून ८० इंचांच्या वाकळीचा अर्धा भाग गुंडाळून न्यावा लागतो. पाच पदरांची सुती वाकळ दोन किलोंच्या आसपास भरते. ती टेबलाच्या कडेवरून खाली लोंबली की तिचे वजन सुईला ओढते. टाके वेडेवाकडे होतात, सुई वाकते, कधी मोडते. याला हाताचा जोर हे उत्तर नाही. यंत्राच्या डाव्या व मागच्या बाजूस त्याच उंचीची टेबले किंवा पाट लावून सारी वाकळ वर पसरावी, थोडा भाग खांद्यावर किंवा मांडीवर घ्यावा. सुईखालचा ताटाएवढा भाग मोकळा व सपाट असला की पुरे. दोन तळहातांमध्ये तेवढेच क्षेत्र शिवावे, थांबावे, सुई कापडात रुतलेली ठेवावी, हात हलवावेत, पुन्हा सुरू करावे. सारी वाकळ डोळ्यांपुढे आणली की मन खचते. ताटाएवढी जागा मात्र कोणालाही शिवता येते.

त्याआधीची पूर्वतयारी निर्णायक असते. पाठीचे कापड जमिनीवर ताणून, त्यावर मधले थर व शेवटी वरचा पदर अंथरावा आणि मध्यापासून कडांकडे चार-चार बोटांच्या अंतराने कच्चे टाके किंवा सेफ्टी पिना घालाव्यात. या कामात केलेली हयगय पुढे चुण्यांच्या रूपाने उभी राहते.

आपल्या जुन्या पद्धतीशी येथे एक महत्त्वाचा भेद आहे. हाताच्या अनेक गोधड्यांत धावदोरा कडेपासून सुरू होऊन चौकोनी वळणे घेत मध्याकडे जातो. उत्तर कन्नडमधील सिद्दी स्त्रियांची 'कवंदी' हीदेखील अशीच कडेकडून आत शिवली जाते. हाताची सुई प्रत्येक टाक्यागणिक जादा कापड बोटांनी जिरवू शकते, म्हणून ते शक्य होते. यंत्र मात्र कापड पुढे ढकलत नेते. कडेकडून आत आल्यास मध्यभागी फुगा उरतो. म्हणून यंत्रावर नेहमी मध्यापासून बाहेर जावे, आणि नक्षीची दाटी सर्वत्र सारखी ठेवावी. एके ठिकाणी दाट व दुसरीकडे विरळ शिवल्यास वाकळ सपाट पडत नाही.

भरणाबाबतही विचार हवा. पिंजून आणलेला मोकळा कापूस यंत्राखाली सरकतो व गोळा होतो. नवशिक्यांसाठी जुन्या साड्यांचे थर सर्वांत सोयीचे. ते पातळ असतात, एकमेकांना धरून राहतात.

जयणा

आपल्या घरांत या कामाला आणखी एक परिमाण आहे. पेटीत वर्षानुवर्षे पडलेल्या कापडात कसर व इतर सूक्ष्म जीव असण्याचा संभव असतो. साधू-साध्वी वस्त्रांचे पडिलेहण ज्या जागरूकतेने करतात, तिचा अंश आपणही घ्यावा: प्रत्येक साडी उजेडात उलगडून, हळुवार झटकून, पाहून मगच धुवावी. बाजारातील काही महागड्या रजयांत पक्ष्यांची पिसे भरलेली असतात. सुती वाकळीत तो प्रश्नच उद्भवत नाही. नक्षी निवडतानाही तारतम्य असावे. अष्टमंगलाची चिन्हे अंथरुणावर घेतल्यास त्यांना पाय लागून आशातना होते; तेथे पाने, वेल, लाटा शोभतात. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरावरील दगडी कोरीवकाम पाहिले तर नक्षीला विषयांची वाण पडणार नाही.

सामायिकात शिवणकाम वर्ज्य आहे, हे सांगायला नको. परंतु ४८ मिनिटे एका आसनावर मन आवरून बसण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना या कामातील स्थिरता परकी वाटत नाही. खांदे आखडण्यापूर्वी उठावे, या दृष्टीनेही तेवढा वेळ एका बैठकीस पुरेसा आहे.

हाताचे काय?

यंत्राने शिवलेली गोधडी खरी गोधडी का, हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेतील पडुका येथील प्रतिष्ठेच्या क्विल्ट प्रदर्शनात १९८९ मध्ये कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या यंत्राने शिवलेल्या क्विल्टला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तेव्हा तेथेही मोठा वाद झाला होता. यंत्रकामाला हा मान प्रथमच मिळत होता. पुढे यंत्रकाम सर्वमान्य झाले, आणि हाताचे कामही टिकले. आपल्याकडे मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो हाताच्या टाक्याचे मोल ओळखूनच.

एक गोष्ट मात्र यंत्राला जमत नाही. हाताचा धावदोरा उसवता येतो. जुनी वाकळ विरली की तिच्यावर नवा पदर घालून ती पुन्हा शिवता येते. एकाच वाकळीच्या पोटात तीन पिढ्यांची वस्त्रे सापडतात ती यामुळेच. यंत्राचा टाका वरच्या व खालच्या दोऱ्यांच्या अडकणीने बनतो. दाट शिलाई उसवू गेल्यास जुने कापडच फाटते. अपरिग्रहाची जी सहज शिकवण जुन्या वाकळीत होती, वस्तू शेवटच्या धाग्यापर्यंत वापरण्याची, ती दाट यंत्रशिलाईत हरवते.

म्हणून निवड डोळसपणे करावी. सराव दुकानातील कटपीसवर करावा. पहिली मोठी वाकळ साध्या, आठवण नसलेल्या साड्यांची असावी. घडीवर विरलेले, अतिशय जीर्ण लुगडे हातानेच शिवावे. धडधाकट सुती साड्या यंत्राला द्याव्यात, पण रेघांत दोन बोटांचे अंतर राखावे, म्हणजे वाकळ मऊ राहते आणि पुढील पिढीला तिच्यात काही जोडता येते. गावात अजून एखादी गोधडी शिवणारी बाई असेल, तर एक वाकळ तिच्याकडून योग्य मोबदला देऊन शिवून घ्यावी आणि घरातील मुलीने ते शेजारी बसून पाहावे. घासाघीस करून स्वस्तात करून घेतलेले काम पुढच्या वर्षी करणारीच उरत नाही, हे व्यापाऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

चातुर्मासात प्रवास कमी होतात, घरात माणसे असतात, बाहेर पाऊस असतो. तीन-चार महिन्यांत एक मोठी वाकळ निवांत पूर्ण होते. आश्विन सरून थंडी पडेपर्यंत ती धुऊन, वाळवून, पलंगावर अंथरण्यास तयार असेल.