चांदीला कवच, दोन नॅनोमीटरचं

कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राची भातवाणं कोकणभर लावली जातात. त्यांवर खोडकिडा पडला की फवारणी होते. शेजारी खालापुरात रसायनीचे कारखाने आणि पाताळगंगा नदी. दाण्यावर किंवा पाण्यात विषारी अंश उरला का, हे सांगायला नमुना दूरच्या प्रयोगशाळेत न्यावा लागतो. ते बांधावरच कळायला हवं. त्यासाठी मला सर्वाधिक आशा वाटते ती चांदीच्या नॅनोकणांची.

सी. व्ही. रामन यांनी 1928 मध्ये दाखवलं, की रेणूवरून विखुरलेल्या प्रकाशाचा किंचित भाग रंग बदलतो आणि त्या बदलावरून रेणू ओळखता येतो. मात्र असा फोटॉन कोटीत एखादा. 1974 मध्ये साउदम्प्टनला फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन यांना खडबडीत चांदीवर पिरिडिन या सेंद्रिय रेणूचा रामन संकेत ठळक मिळाला. तो सुमारे दहा लाख पटींनी वाढतो, हे 1977 मध्ये स्पष्ट झालं. चांदीतले इलेक्ट्रॉन प्रकाशासोबत एकत्र हेलकावतात आणि पृष्ठभागालगतचं विद्युतक्षेत्र प्रचंड वाढतं.

सोन्यापेक्षा चांदी स्वस्त, संकेतही जोरकस देते. पण देव्हाऱ्यातल्या चांदीसारखे हे कणही गंधकाने काळवंडतात, शिवाय त्यांच्या गुठळ्या होतात. म्हणून त्यांवर सिलिका किंवा अॅल्युमिना या ऑक्साइडांचा थर चढवतात. अशा नॅनोकवचांचा आढावा पुणे विद्यापीठाच्या सुलभा कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये घेतला होता.

खरा पेच जाडीचा. वाढलेलं क्षेत्र काही नॅनोमीटरांतच ओसरतं. थर जाड झाला तर संकेत विझतो, फार पातळ ठेवला तर छिद्रं राहतात. सिलिका चढवण्याच्या नेहमीच्या रीतीत अमोनिया लागतो आणि तो चांदीलाच विरघळवतो! अॅल्युमिना वाफेतून थराथराने चढवता येतो, एका फेरीत सुमारे 0.1 नॅनोमीटर. छिद्रं आहेत का, हे पुन्हा पिरिडिनच सांगतं: त्याचा संकेत दिसला, तर ते छिद्रातून धातूपर्यंत पोचलं.

चीनमधल्या श्यामेन विद्यापीठातल्या त्यान यांच्या गटाने 2010 मध्ये कवचधारी सोन्याचे कण संत्र्याच्या सालीवर पसरून पॅराथिऑन या कीटकनाशकाचा अंश ओळखला. मात्र ऑक्साइडवर कीटकनाशक आपसूक चिकटत नाही आणि नदीच्या पाण्यात सेंद्रिय गाळही जागा अडवतो. म्हणून चांदीच्या कवचधारी कणांची चाचणी ऊर्ध्वपातित पाण्यावर थांबवू नये. ती कर्जतच्या भाताच्या तुसावर आणि पाताळगंगेच्या गढूळ पाण्यात घ्यावी.