फाइलचे नाव सोनूबाई!

ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतील एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर अनोळखी क्रमांकावरून लग्नाचे निमंत्रण आले. ३० ऑगस्टच्या विवाहास जरूर यावे, असा मजकूर आणि सोबत पीडीएफसारखी दिसणारी एक फाइल. ती उघडली आणि बँक खात्यातून सुमारे एक लाख ९० हजार रुपये गेले. ती फाइल पत्रिका नव्हतीच. अँड्रॉइड फोनवर बसविण्याचे ते ॲप, म्हणजे एपीके फाइल होती. १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा होईपर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. त्यामुळे हा प्रकार परभणीकरांना दूरचा वाटण्याचे कारण नाही.

फाइल कोणत्या प्रकारची आहे, हे आपण दोन गोष्टींवरून ताडतो: नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरे आणि शेजारचे छोटे चित्र. या दोन्ही गोष्टी पाठविणाऱ्याच्या हातात असतात. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण इथे चपखल बसते. हा वाळा पारखणारे एक जुने साधन संगणकात आहे आणि त्याचे नावही 'फाइल' असेच आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडलेल्या युनिक्स प्रणालीच्या १९७३ मधील चौथ्या आवृत्तीत ही आज्ञा आली. आज लिनक्सवर वापरात असलेल्या तिच्या मुक्त आवृत्तीचा पाया ऐंशीच्या दशकात इयान डार्विन यांनी घातला.

वापर अगदी सोपा आहे. लिनक्स किंवा मॅक संगणकावर टर्मिनल उघडावे, इंग्रजीत 'फाइल' हा शब्द लिहून एक जागा सोडावी, तपासायच्या फाइलचे नाव द्यावे आणि एंटर दाबावे. एका ओळीत उत्तर मिळते. विंडोजमध्ये ही आज्ञा मुळात नसते. लिनक्सची उपप्रणाली बसवून ती वापरता येते.

ही आज्ञा नावावर विसंबत नाही. फाइलच्या पोटातील, विशेषतः आरंभीची, काही अक्षरे वाचते. पीडीएफच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह आणि 'पीडीएफ' ही तीन अक्षरे असतात. विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रॅमची सुरुवात 'एमझेड' ने होते. ही मायक्रोसॉफ्टच्या मार्क झबिकोवस्की यांची आद्याक्षरे. झिप फाइल 'पीके' ने सुरू होते, ती फिल कॅट्झ यांच्या नावावरून. अशा शेकडो खुणांची यादी या आज्ञेजवळ असते आणि तिला चक्क 'मॅजिक' म्हणतात!

एपीके ही मुळात झिपच्याच बांधणीची असते. वर्डची अलीकडची डॉक्स फाइलही तशीच. त्यामुळे या आज्ञेची जुनी आवृत्ती एपीकेला नुसते 'झिप' म्हणून मोकळी होते. नवी आवृत्ती आत डोकावून 'अँड्रॉइड पॅकेज' असे सांगते. पण पीडीएफ म्हणून आलेली पत्रिका झिप निघाली, तर तेवढे उत्तरही पुरेसे आहे.

साध्या मजकुराला अशी खूण नसते. तेव्हा ही आज्ञा अक्षरांचे संकेतन पाहते, आणि इथे मराठी माणसाचा निराळा लाभ आहे. युनिकोडपूर्व काळात खास फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसे. संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरे व चिन्हेच. अशा फाइलला ही आज्ञा 'आस्की' किंवा 'विस्तारित आस्की' ठरवते, युनिकोड मराठीला 'यूटीएफ-८'. जुने लेख उघडल्यावर अगम्य चिन्हे दिसत असतील, तर कारण इथे उमगते.

ही आज्ञा फाइल चालवत नाही, फक्त वाचते. मात्र तिला विषाणूरोधक समजू नये. अस्सल पीडीएफही घातक असू शकते. शिवाय पत्रिका येते ती फोनवर, आणि तिथे ही आज्ञा सहसा हाताशी नसते. परंतु एपीके बसण्यापूर्वी अँड्रॉइड 'हे ॲप इन्स्टॉल करायचे का' असे विचारतो. लग्नपत्रिका वाचायला काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही, त्यामुळे तो प्रश्न दिसताच माघारी फिरावे. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच कळवावे. वेळेत कळविल्यास पैसे पुढे सरकण्यापूर्वी रोखण्याची संधी असते.